भाडेवाढीच्या तीन खेपा

ती. भावोजींना,

धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार.

तुमची तब्येत कशी आहे? तुमचा खांदा आता वरपर्यंत जातो आणि गाळ्यांची शटरं तुम्ही पुन्हा स्वतःच्या हाताने ओढता, असं ताई फोनवर म्हणाली. ऐकून बरं वाटलं. ताईची पाठ कशी आहे? इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. 'ठीक' हा शब्द मी विचार करून लिहिला आहे (आधी 'मजेत' लिहिला होता, मग खोडला, वर शाईचा डाग दिसतोय तो त्याचाच).

पत्र लिहायला कारण असं की, गेल्या दोन महिन्यांत तुम्ही मला दोनदा फोनवर विचारलंत, "भाडं वाढवलंस का?" आणि दोन्ही वेळा फोन कट झाला. भावोजी, फोन कट झाला नव्हता. मीच केला होता. तुमच्यासारख्या वडीलधाऱ्या माणसाचा फोन कापणं शोभत नाही हे मला समजतं, पण तुमच्या आवाजात तो प्रश्न आला की माझा अंगठा आपोआप लाल बटणाकडे जातो. परवा ताई म्हणाली की पुढच्या महिन्यात तुम्ही दोघं येताय, आणि तुम्ही म्हणालात, "मी स्वतः बोलतो त्या भाडेकरणीशी." तेव्हापासून मला जेवण जात नाही. तुम्ही येण्याआधी सगळी हकीकत तुमच्या कानावर घालावी म्हणून चष्म्याच्या दुकानातल्या जेवणाच्या सुट्टीत, नंबर तपासायच्या अंधाऱ्या खोलीत दिवा लावून हे लिहायला बसलो आहे. बाहेर दोन गिऱ्हाइकं थांबली आहेत, पण त्यांना तसंही दूरचं दिसत नाही.

चार वर्षांपूर्वी तुम्ही औषधाच्या बिलामागे मला हिशेब करून दिला होता तो आठवतो ना? मी तो जपून ठेवला आहे. भाडं पंधरा हजार, बँकेचा हप्ता सोळा हजार दोनशे, फरक बाराशे. "बाराशे तर तू चहात उडवतोस," असं तुम्ही म्हणालात. वीस वर्षांनी घर फुकट. हिशेबात तसूभर चूक नव्हती. फक्त तुमच्या कागदावर वर्षाचे महिने बारा होते आणि बाराही महिने घरात माणूस होता. (तुमचे गाळे कधी रिकामे राहत नाहीत, रिकामं राहायची त्यांची हिंमत होत नसावी.) त्या कागदावर दलालाची एका महिन्याची दलाली नव्हती, सोसायटीचे महिन्याचे चौदाशे नव्हते, घरपट्टी नव्हती, आणि पहिल्या भाडेकरूंनी, म्हणजे त्या दोन व्यायामपटू भावांनी, पंख्याच्या हुकाला ठोसे मारायची वाळूची पिशवी टांगली आणि एका सकाळी हुक, पिशवी आणि छताचा ताटाएवढा तुकडा असे तिघेही सोबतच खाली आले, हेही नव्हतं. दुसरे भाडेकरू अगदी शांत होते. शांत असणारच, कारण ते मासे पाळत. सहा मोठ्या पेट्या. पैकी एक गळकी. हे आम्हाला खालच्या मजल्यावरच्यांनी त्यांच्या कपाटातला ओला कोट आणून दाखवला तेव्हा कळलं. दुरुस्ती, रंग आणि खालच्यांचा कोट मिळून अडतीस हजार गेले.

नंतर घर पाच महिने रिकामं होतं. भावोजी, रिकामं घर ही काय चीज असते ते तुम्हाला माहीत नाही. तेरा हजार भागिले तीस म्हणजे दिवसाला चारशे तेहतीस. सकाळी दुकानात येऊन मी पहिल्या गिऱ्हाइकाला "वरची ओळ वाचा" म्हणायचो आणि मनात म्हणायचो, ऐंशी गेले. जेवणाची सुट्टी झाली की दोनशे सोळा गेले. घर दाखवायला जायचो तेव्हा नळ आधी स्वतः सोडून बघायचो, की ऐन वेळी हवा नको यायला. रस्त्यात अनोळखी माणूस पिशव्या घेऊन चाललेला दिसला तरी वाटायचं, विचारावं का, जागा शोधताय?

अशात औषधाच्या दुकानात मी लावलेली चिठ्ठी वाचून मेट्रनबाई आल्या. मोठ्या रुग्णालयात एकतीस वर्षं नोकरी, शेवटची नऊ वर्षं मेट्रन, आता निवृत्त, एकट्या. केस पांढरेशुभ्र, पाठ ताठ, आणि बोलणं असं की समोरचा माणूस आपोआप जीभ बाहेर काढून दाखवतो. (मी दाखवली. सवयीने झालं असं त्या म्हणाल्या.) वर्षाचा करार, भाडं तेरा हजार. दर महिन्याच्या तीन तारखेला पाकीट तयार. नळ गळत नाही, भिंतीला खिळा नाही, एक तक्रार नाही. मला तर सुरुवातीला याचीच काळजी लागली होती, की बाई तक्रार का करत नाहीत. नक्की काहीतरी भयंकर बिघडलंय आणि त्या लपवताहेत. पण तसं काही नव्हतं.

वर्ष संपत आलं. इकडे बँकेने व्याज तीनदा वाढवलं. बँकेतला कारकून भला आहे, त्याने समजावून सांगितलं की हप्ता वाढवायचा नसेल तर मुदत वाढवा. मी म्हटलं, किती? त्याने यंत्रावर बोटं चालवली आणि म्हणाला, "काही नाही, तुम्ही एकाहत्तर वर्षांचे झालात की फिटेल." दुकानातून मी साठाव्या वर्षी निवृत्त होणार. मधली अकरा वर्षं मी कोणाचे डोळे तपासू? म्हणून मुदत तशीच ठेवून हप्ता अठरा हजार नऊशे करून घेतला. घरी आलो. हिने विचारलं, "आणि भाडं?" तिचंही बरोबर होतं. दर महिन्याला आमच्या खिशातून सात हजार तीनशे जात होते, आणि वर लोक म्हणत होते, तुमचं काय बुवा, तुमची दुसरी जागा आहे!

तेव्हा ठरलं. दहा टक्के. तेराशेची वाढ. तुम्ही शिकवलेलं वाक्य मी पाठ केलं, "नव्या वर्षासाठी भाड्याचा विचार करायला हवा," आणि तुम्ही म्हणालात तसं डोळ्यात डोळे घालून बोलायचं ठरवलं. (माझा धंदाच तो आहे, पण तिथे मध्ये यंत्र असतं.) घरी तालीम केली. हिने मेट्रनबाईंचं काम केलं, मी माझं. तालमीतच मी शंभर रुपये कमी करून बसलो.

पहिली खेप. तीन मजले चढून वर गेलो. लिफ्ट नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. घर त्यामुळेच स्वस्त पडलं होतं. दार उघडलं आणि मी "नव्या" एवढंच म्हणालो. मेट्रनबाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आधी बसा." बसलो. त्यांनी कपाटातून काळी पेटी काढली, माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि फुगवायला लागल्या. मी पुन्हा सुरुवात केली, "वर्षासाठी—" त्या म्हणाल्या, "बोलू नका, आकडा चुकतो." आता मला सांगा, ज्या बाईने आपला दंड धरला आहे तिचं भाडं माणूस कसं वाढवणार? वरचं एकशे बासष्ट निघालं, खालचं शंभर. घरी कसली काळजी आहे का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. मीठ बंद, लोणचं-पापड बंद, आठ दिवसांनी पुन्हा दाखवा. खाली आलो. ही फाटकापाशी उभी होती. मी सांगितलं, बोलणं सुरू झालंय, आठ दिवसांनी पुन्हा बोलावलंय. यात खोटं काय होतं?

दुसऱ्या खेपेला मी लेखी गेलो. तोंडी बोलायची वेळच येऊ नये म्हणून पत्रच लिहून नेलं, सविनय वगैरे, खाली सही. मेट्रनबाईंनी ते हातात घेतलं, नाकापाशी नेलं, मग लांब धरलं. चष्म्याची एक काडी चिकटपट्टीने बांधलेली. मी सहज विचारलं, चष्मा कधीचा? म्हणाल्या, सहा वर्षांचा. भावोजी, मी त्यांना समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तारखा वाचायला लावल्या, आणि त्यांनी आठाचे तीन केले. अशा माणसाच्या हातात भाडेवाढीचं पत्र देणं मला कायद्यानेही बरोबर वाटलं नाही. उद्या त्या म्हणतील, मी वाचलंच नव्हतं. मी पत्र परत खिशात घातलं, चष्मा घेऊन दुकानात आलो, नंतर त्यांना बोलावून नीट तपासलं, नंबर सव्वाने वाढला होता, आणि नवा चष्मा करून दिला. कामगार सवलत धरून अठराशे पन्नास. त्या पैसे देत होत्या. मी म्हणालो, राहू द्या हो, घरच्याच आहात. हे वाक्य तोंडातून गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मी भाडं वाढवायला गेलो होतो आणि दीड महिन्याची वाढ आगाऊ परत करून आलो. त्या दिवशीचं प्रेशर एकशे छप्पन. पत्र खिशातच राहिलं आणि शर्टाबरोबर धुतलं गेलं. हिने त्याचा लगदा माझ्या ताटाशेजारी आणून ठेवला. मग भात वाढला. ती बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

करार संपायला चार दिवस उरले होते. हिने सांगितलं, आज बोलून या, नाहीतर मी जाते. मी म्हटलं, नको, मीच जातो. रस्ताभर तेच आकडे डोक्यात. हप्ता, सोसायटी, घरपट्टी. बाई गेल्या तर पुन्हा दलाल, पुन्हा रंग, पुन्हा पाच महिने. राहिल्या तर तेराच हजार. इकडे आड तिकडे विहीर. दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून उभा राहिलो आणि वाटलं, इथूनच परत जावं आणि सांगावं की त्या घरी नव्हत्या. पण वरून दाराचा आवाज आला. मेट्रनबाई जिन्यात येऊन उभ्या होत्या.

"या," त्या म्हणाल्या. "नव्या चष्म्यातून आज तुमचा चेहरा नीट दिसतोय. तुम्हाला काहीतरी सांगायचंय. वॉर्डात अशी माणसं रोज यायची. दुखायचं पोटात, आणि सांगायची गुडघा दुखतो म्हणून."

भावोजी, मी खुर्चीत बसलो आणि सगळं सांगून टाकलं. व्यायामपटू, मासे, ओला कोट, बँक, एकाहत्तर वर्षं, धुतलेलं पत्र, सगळं. मेट्रनबाईंनी कागद घेतला आणि रोग्याची माहिती लिहितात तशी लिहायला लागल्या. कधीपासून? चार वर्षं. त्रास वाढतो कधी? हप्त्याच्या तारखेला. महिन्याला किती जातात? मी सांगितलं. त्यांनी बेरीज केली, पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "ही जागा तुम्ही भाड्याने घेतली असतीत तर तुम्हाला परवडली असती. मालकीची परवडत नाही."

मी विचारलं, मग उपाय काय?

"विकून टाका. कर्ज फेडा. उरेल त्यात स्वस्थ झोपा."

"आणि तुम्ही?"

"मी काय, दुसरीकडे बघेन." एवढं बोलून त्या चहा ठेवायला उठल्या, आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाल्या, "एकतीस वर्षं नर्सेसच्या वसतिगृहात काढली. स्वयंपाकघराला खिडकी असलेलं हे पहिलंच घर. एक वर्ष मिळालं, तेही काही कमी नाही."

हे त्यांनी माझ्यावर परिणाम व्हावा म्हणून म्हटलं नव्हतं. तसं असतं तर मी सावध झालो असतो. त्या साखरेचा डबा शोधत होत्या (मला द्यायची नाही म्हणून लपवायला). आणि मी चार वर्षांत पहिल्यांदा त्या खिडकीकडे पाहिलं. बाहेर समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी, बाकी काही नाही. माझ्या जाहिरातीत त्या खिडकीचा उल्लेखही नव्हता.

मी म्हटलं, घर विकायचं नाही. त्या वळल्या आणि म्हणाल्या, "मग भाडं वाढवा. किती वाढवणार होतात?" मी काळ्या पेटीकडे पाहिलं. "हजार?" मी पेटीचं झाकण उघडून मिटलं. "पंधराशे?" मला घाम फुटला. मी म्हणालो, छे छे, एवढं कशाला, शंभर पुरे. "शंभरात काय होतं? बाराशे." "दीडशे." "अहो, माझं पेन्शन आहे. तेराशे." "मेट्रनबाई, माझ्या जागेचं भाडं ठरवणारा मी आहे. दोनशे. याच्यावर एक पैसा घेणार नाही." आवाज चढला होता भावोजी, माझा. आयुष्यात इतक्या ठामपणे मी व्यवहार केलेला नाही. शेजारच्या दारातून कोणीतरी डोकावून गेलं. शेवटी त्यांनी हात टेकले, दोनशेवर ठरलं, आणि त्यांनी माझं प्रेशर घेतलं. एकशे अडतीस. तिन्ही खेपांतलं सगळ्यात कमी.

तेव्हा भाडं वाढवलंस का, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर 'हो' असं आहे, आणि ते मी तोंडी देऊ शकत नाही. तुम्ही शिकवलंत त्यात खोट नव्हती, शिकणाऱ्यात होती. बाहेरची गिऱ्हाइकं आता दारावर टकटक करताहेत. ताईला नमस्कार सांगा, आणि जड शटर ओढताना खांद्याची काळजी घ्या.

तुमचा,
धाकटा मेहुणा

ता. क. एक गोष्ट वर लिहायची राहिली. हिला मी सांगितलं आहे की तेराशे वाढले. त्या दिवशी फाटकापाशी तिचा चेहरा पाहून तोंडातून दोनशे निघेना. मेट्रनबाई पाकीट देतात त्यात तेरा हजार दोनशे असतात. मी जिन्यात थांबून त्यात माझे अकराशे घालतो आणि पाकीट हिच्या हातात देतो. बँकेत तीच भरते. असे तीन महिने झाले. अकराशे उभे करायला दुकानात बसने जायचं सोडलं, चालत जातो, आणि दिवसाचे तीन चहा बंद केले. पण बुटाचा तळवा फाटला आहे, आणि हे कितपत रेटता येईल कळत नाही. तुम्ही आलात की पहिलाच प्रश्न हिच्यादेखत विचाराल. म्हणून विनंती अशी: येण्याआधी हिच्या नावाने एक पत्र टाका. त्यात लिहा की हल्ली भाडी सगळीकडे घसरताहेत, चांगला भाडेकरू टिकवणं हीच खरी कमाई, आणि दोनशेची वाढ म्हणजे डोक्यावरून पाणी. तुमच्या शब्दाला ती मान देते. पत्र आलं की चार दिवसांनी मी खरं सांगून टाकतो.

पुन्हा ता. क. पत्राच्या वरच्या बाजूला 'खाजगी' लिहू नका. तिला संशय येतो.

आणखी ता. क. भावोजी, हे अक्षर माझं, म्हणजे ह्यांच्या बायकोचं आहे. तुम्हाला आणि ताईंना नमस्कार. टपालपेटी ह्यांच्या चालायच्या रस्त्यावर लागत नाही म्हणून पत्र टाकायला माझ्याकडेच दिलं. पाकीट नीट चिकटलं नव्हतं (चिकटलं असतं तरी मी वाचलंच असतं).

त्या तिसऱ्या खेपेच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मेट्रनबाई माझ्याकडे आल्या होत्या. म्हणाल्या, "तुमचे मिस्टर भाडं कमी करायला भांडतात, त्यांच्याशी व्यवहार व्हायचा नाही. आपण दोघी ठरवू." तेव्हापासून उरलेले अकराशे त्या दर महिन्याला चार तारखेला माझ्या हातात देतात. आणि पाकिटातले ह्यांचे अकराशे मला पहिल्याच महिन्यात कळले. मेट्रनबाईंच्या नोटा बँकेतून आलेल्या, कोऱ्या असतात. ह्यांच्या चुरगळलेल्या, त्यांना काचा पुसायच्या औषधाचा वास येतो. तेव्हा वाढ एकूण चोवीसशेची झाली आहे. सगळे कर्जात भरते. बँकेतले म्हणाले, असंच चालू राहिलं तर बरीच वर्षं वाचतील.

पहिल्या महिन्यातच ह्यांना सांगणार होते. मेट्रनबाई म्हणाल्या, थांबा. साखरेचे तीन चहा गेले, दोन वेळचं चालणं झालं, वजन चार किलोने उतरलं, आणि परवाचं प्रेशर एकशे तीस. इतकी वर्षं मी सांगून थकले, तेव्हा हे बसथांब्यापर्यंतही चालले नव्हते. बूट मी आणून ठेवले आहेत. दुकानात सेल होता म्हणून सांगेन.

म्हणून माझी विनंती, ते भाडी घसरल्याचं पत्र पाठवू नका. उलट ह्यांनाच कडक शब्दांत लिहा की दहा टक्के फारच कमी झाले, पुढच्या वर्षी पंधरा हवेत, आणि बोलायला ह्यांनी स्वतःच तीन मजले चढून जायचं. तुम्ही दोघं जरूर या. फक्त मेट्रनबाईंकडे वर जाऊ नका. त्या तुमचाही दंड धरतील.